‘सोकावणे’ सकर्मक चालतं का? (कुत्रं भुंकून पोळी मिळवतं, त्याला काय म्हणायचं)

तगर
कुत्री पाळणाऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. अडलेला मजकूर असा: आपण जेवत असताना कुत्रं भुंकतं, कोणीतरी पोळीचा तुकडा टाकतं, भुंकणं थांबतं. कुत्र्याला पोळी मिळाली, माणसाला शांतता मिळाली, म्हणून उद्या दोघंही तेच करणार. पाठ्यपुस्तकांप्रमाणे कुत्र्याचं झालं ‘धन प्रबलन’ (हवं ते मिळालं म्हणून सवय पक्की होणं) आणि माणसाचं ‘ऋण प्रबलन’ (नको ते थांबलं म्हणून सवय पक्की होणं). पण ‘ऋण प्रबलन’ वाचून लोकांना शिक्षा वाटते, आणि नुसतं ‘प्रबलन’ वाचून स्लॅबमधल्या सळया आठवतात. म्हणून मी लिहिलं, ‘पोळी टाकून तुम्ही त्याला सोकावलंत.’ त्यावर संपादकांची खूण आली: सोकावणे अकर्मक आहे, काळ आपला आपण सोकावतो, त्याला कोणी सोकावत नाही. खरंच चूक आहे का?

कोशकीटक
संपादकांचं बरोबर आहे. शेफारणे, चटावणे, निर्ढावणे, सोकावणे या सगळ्यांत ज्याच्यात बदल होतो तोच कर्ता. ‘तुम्ही त्याला सोकावू दिलंत’ लिहा, प्रश्न मिटला.

माळरान
मिटला नाही. ‘खायला घालून घालून सोकावून ठेवलंय त्याला’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही. आता ‘ठेवणे’ लावून बघा. मुलाला ‘झोपवून ठेवलं’ म्हणतो, ‘झोपून ठेवलं’ म्हणत नाही. म्हणजे या रचनेत आधीचं क्रियापद सकर्मक लागतं. ‘सोकावून ठेवलं’ कानाला नीट लागतं, याचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात ते सकर्मक झालेलंच आहे.

कोशकीटक
मग ‘शेफारून ठेवलं’चं काय? तेही सर्रास बोलतात. ‘मी त्याला शेफारलं’ लिहाल का?

माळरान
आज नाही लिहिणार. पण ‘आजीने नातवाला लाडावलं’ बिनदिक्कत लिहितो, आणि ‘नातू लाडावला’ही लिहितो. एक जोडी रुळली, दुसरी रुळते आहे.

पट्टा_आणि_साखळी
व्याकरण बाजूला ठेवून सांगतो, कारण पुस्तिका वाचणाऱ्याला उपयोग कशाचा होणार ते महत्त्वाचं. ‘सोकावू दिलंत’ने अर्थ बिघडतो. त्यातून असं वाटतं की कुत्रं मुळातच लोचट होतं आणि माणसाने फक्त अडवलं नाही. प्रत्यक्षात माणूस शिकवत असतो, वेळ साधून, अचूक. भुंकल्यावर एक-दोन सेकंदांच्या आत तुकडा पडतो. मुद्दाम शिकवणारेही खाऊ द्यायला एवढीच वेळ पाळतात. त्याहून उशीर झाला तर कुत्रं मधल्या कुठल्यातरी हालचालीशी खाऊ जोडतं.

आणखी एक, जे भाषांतरात हमखास निसटतं. रोज तुकडा मिळणाऱ्या कुत्र्याचा तुकडा एके दिवशी बंद केला तर ते तुलनेने लवकर नाद सोडतं. दहा वेळा भुंकून कधी तिसऱ्या, कधी नवव्या वेळी मिळत असेल तर ते महिनोन्‌महिने भुंकत राहतं, कारण न मिळणं हा त्याच्या हिशेबात नेहमीचाच भाग झालेला असतो. घरात पाच जणांनी बंद केलं आणि एकाने टेबलाखालून हात खाली सोडला, की नेमकं हेच होतं. पाच जणांचं ‘नाही’ आणि एकाचं ‘हो’ मिळून सवय मोडायला सर्वांत कठीण होऊन बसते.

मोहोर
या दुसऱ्या प्रकाराला ‘चटावणे’ नाही चालणार? चट म्हणजे चाटण्याशी नातं असणार, जिभेला लागलेलं.

कोशकीटक
चटावणे चवीपुरतं आहे. दार उघडून घेण्यासाठी पंजा मारणारं कुत्रं चटावलेलं नसतं, सोकावलेलं असू शकतं. आणि ‘सोक’ हा ‘शौक’चा मराठी अवतार असावा, असं माझं मत आहे. गोडी लागावी, हा अर्थ त्यात पुरता बसतो.

माळरान
आवाज जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. तसं पाहिलं तर ‘शोक’ही जुळतो.

सातवीण
मला ‘सोकावणे’बद्दल वेगळीच अडचण दिसते. त्यात दोष गृहीत आहे. ‘मुलगी पहाटे उठायला सोकावली’ असं कोणी म्हणत नाही. पण पुस्तिकेतली संकल्पना दोन्हीकडे लागू आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १८९८ साली कोड्याच्या पेट्यांत मांजरं ठेवून जे दाखवलं (कुत्री आणि कोंबडीची पिल्लंही होती), त्यात चांगलं-वाईट नाहीच. धडपडीत कधीतरी कडी निघाली, बाहेर खाणं मिळालं, पुढच्या वेळी कडी जरा लवकर निघाली. ज्या हालचालीचं फळ गोड, ती हालचाल टिकते. कुत्रं भुंकायला याच वाटेने शिकतं आणि गप्प बसायलाही. चांगल्या बाजूला आपल्याकडे ‘वळण लागणे’, ‘अंगवळणी पडणे’ आहे. दोन्हींना मिळून एक शब्द हवा असेल तर ‘प्रबलन’च घ्या आणि पहिल्या पानावर नीट समजावून सांगा.

तगर
ते मान्य. पण ज्या पानावर घरच्यांना सांगायचं आहे की हे तुम्ही केलंत, तिथे मला दोष असलेलाच शब्द हवा आहे. आणि तो दोष कुत्र्यावर नको, देणाऱ्यावर हवा. म्हणून तर सकर्मक हवा.

मोहोर
‘गोंडा घोळणे’ वापरा की. अन्नासाठी लाडीगोडी करणाऱ्या कुत्र्याचं इतकं अचूक चित्र दुसऱ्या शब्दात नाही.

पट्टा_आणि_साखळी
चित्र सुंदर आहे, पण शेपूट हलली की लाडीगोडीच, असं नसतं. २००७ साली इटलीत ३० कुत्र्यांवर मोजमाप झालं. मालक दिसला की शेपटीचा झोका कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त जात होता. अनोळखी, वरचढ कुत्रं दिसलं की डाव्या बाजूला. ताठ, उंच शेपूट छोट्या-छोट्या झटक्यांनी हलत असेल तर हात पुढे करू नये. त्यामुळे पुस्तिकेत ‘शेपूट हलवणे’ म्हणजे ‘गोंडा घोळणे’ असं सरसकट करू नका. अंग सैल, कंबरेपासून हेलकावे, कान मागे, तेव्हाच गोंडा.

मागण्याच्या खुणेसाठी ‘आशाळभूत’ अधिक नेमका. आतली भुवई वर उचलून डोळे मोठे करणं हे कुत्र्यांत ठळक आहे. त्यासाठीचा स्नायू कुत्र्यांत नीट वाढलेला असतो, लांडग्यांत जेमतेम असतो. हे २०१९ साली शवविच्छेदनातून दाखवलं गेलं. त्याआधी २०१७ साली २४ कुत्र्यांवर पाहिलं होतं: माणूस तोंड करून उभा असला की चेहऱ्याच्या हालचाली वाढल्या, नुसतं खाणं दाखवल्याने वाढल्या नाहीत.

सातवीण
म्हणजे ‘आशाळभूत’ही सैलच पडतो! खाण्याची आशा नाही, माणसाची नजर हे कारण.

माळरान
‘हूल देणे’ कोणी काढलं नाही अजून. झुरिकच्या २०१७च्या प्रयोगात कुत्र्यांना दोन बायका भेटल्या. एक सापडलेलं खाणं कुत्र्याला देई, दुसरी स्वतःकडे ठेवी. मग तीन खोकी: एकात आवडीचं, एकात कमी आवडीचं, एक रिकामं. कुत्र्याने प्रत्येकीला एका खोक्याकडे न्यायचं, आणि शेवटी मालकाला घेऊन जाऊन स्वतःसाठी उघडून घ्यायचं. देणारीला ते आवडीच्या खोक्याकडे जास्त वेळा नेऊ लागले. ठेवून घेणारीला तिथे नेणं कमी झालं, रिकाम्याकडे नेणं वाढलं. याला सोकावणं म्हणणं अन्यायाचं आहे.

कोशकीटक
हूल देण्यात हेतू लागतो. कुत्र्याच्या मनात हेतू होता, की ‘हिच्याबरोबर गेलं की हाती काही लागत नाही’ एवढंच ते शिकलं, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. क्रियापद निवडलं की निकाल दिल्यासारखं होतं.

पट्टा_आणि_साखळी
तगर, पुस्तिकेत ‘दुर्लक्ष करा’ एवढंच असेल तर पुढचं जरूर घाला, नाहीतर लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. तुकडा बंद केला की भुंकणं आधी वाढतं. आवाज चढतो, पंजा मारणं नव्याने सुरू होतं. विझताना ज्योत मोठी होते तसं. त्या क्षणी कंटाळून दिलं तर वरच्या पट्टीतलं भुंकणं पक्कं झालं. सोबत दुसरं काम द्यावं: टेबलापासून सात-आठ फुटांवर चटई, पहिल्यांदा त्यावर पाच सेकंद थांबलं तरी वाटाण्याएवढा खाऊ, चटईवरच, ताटातून नाही. मग दहा, वीस, मिनिट. घाई करून एकदम मिनिटावर गेलात की ते उठतं, आणि उठल्यावर परत बसवून खाऊ दिला तर ‘उठायचं, मग बसायचं, मग मिळतं’ अशी साखळी शिकतं. खाऊत बेदाणे, कांदा, चॉकलेट नको, विषारी आहेत.

मोहोर
तुम्ही ‘खाऊ’ म्हणालात, बरं वाटलं. सगळीकडे ट्रीट, सिट, स्टे चाललेलं असतं. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ का नको?

पट्टा_आणि_साखळी
हरकत काहीच नाही, कुत्र्याला भाषा कुठलीही चालते. पण ‘बस’मध्ये खोच आहे. बसायलाही ‘बस’ आणि भुंकणं पुरे म्हणूनही ‘बस्स’. भुंकणाऱ्या कुत्र्याला दिवसभर ‘बस बस’ ऐकवलं की शब्द बोथट होतो. पुरेसाठी ‘गप’ ठेवा. ‘चल’ तर त्याहून वाईट: फिरायला नेताना ‘चल’, हाकलतानाही ‘चल!’

माळरान
हाकलायला ‘हाड’ आहे ना.

मोहोर
घरच्या कुत्र्याला ‘हाड’ म्हणायचं? ते रस्त्यावरच्यासाठी.

कोशकीटक
‘हाड’मध्ये परकेपणा आहे हे खरं. ‘छू’ उलट बाजूचा, अंगावर सोडण्याचा. दोन्ही शब्द अनुकरणवाचक नाहीत असं मला वाटतं, यावर वेगळा धागा काढतो.

तगर
जरूर काढा. पण छपाईला आठवडा उरला आहे. ‘सोकावलंत’ ठेवू की ‘सोकावून ठेवलंत’ करू?

माळरान
‘सोकावलंत’.

कोशकीटक
‘सोकावून ठेवलंत’. निदान त्याला बोलण्याचा आधार आहे.