वळणदार इंग्रजी अक्षरं: हौस की अडवणूक?

खडूफळा
परवा सोसायटीच्या ग्रुपवर सत्यनारायणाच्या पूजेचं बोलावणं आलं. मजकूर इंग्रजीत, तोही त्या नक्षीदार अक्षरांत. साधा मजकूर चौकटीत टाकला की खाली वीस नमुने येतात, आवडेल तो उचलून चिकटवायचा, तोच प्रकार. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना दिसत नाही, फोनच त्यांना मेसेज वाचून दाखवतो. फोन सुरू झाला, ‘मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एस, मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट स्मॉल ए...’ ‘सत्य’ पुरं व्हायच्या आत काकांनी तो बंद केला. म्हणाले, “पूजा आहे की बीजगणिताचा पेपर गं?”

काकांनी नेमकं ओळखलं. ही अक्षरं खरंच गणिताची. पदार्थविज्ञानात साधा एच म्हणजे चुंबकीय क्षेत्र, वळणदार एच म्हणजे हॅमिल्टोनियन, ऊर्जेशी संबंधित एक राशी. साध्या मजकुरातही हा फरक टिकावा म्हणून २००१ साली युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला वेगळा क्रमांक देणाऱ्या यादीच्या, ३.१ आवृत्तीत ठळक, तिरपी, वळणदार अशी स्वतंत्र अक्षरं आली. म्हणजे हा फॉन्ट नव्हेच. फॉन्ट बदलला तरी ए हा ए-च राहतो. इथे यंत्राच्या लेखी तो दुसराच कोणीतरी होतो.

मन:पूर्वक विनंती एवढीच, की निदान तारीख, वेळ आणि पत्ता तरी साधा लिहा.

हेडशॉट_भाऊ
असहमत, ताई. इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये एक शब्द ठळक करायची सोय नाही. गेममध्ये साधं नाव टाकावं तर ते आधीच कोणीतरी घेतलेलं. मग पोरांनी काय करायचं? माझ्या नावाच्या दोन्ही बाजूंना कमानी आहेत, मध्ये तलवारी आहेत. लॉबीत शिरलो की लोक ओळखतात. फुकटात एवढी ऐट मिळतेय तर कुणाच्या पोटात का दुखावं?

लिपीवेडा
भाऊ, अवांतर आहे पण राहवत नाही. त्या कमानी जावानीज लिपीतल्या आहेत, तिकडे त्या शीर्षकाभोवती घालतात. आणि तुझ्या ‘तलवारी’ म्हणजे शिखांचं खंडा हे धर्मचिन्ह नाही ना? बऱ्याच नावांत तेच असतं.

खडूफळा, तुमच्या गणिताच्या अक्षरांत एक गंमत आहे. तिरप्या अक्षरांच्या ओळीत छोट्या एचची जागा रिकामी आहे. पुंजभौतिकीतल्या प्लांकच्या स्थिरांकाचं चिन्ह म्हणून तो एच युनिकोडमध्ये आधीच होता, मग दुसरा कशाला द्यायचा? त्यामुळे तिरपं नाव लिहिणाऱ्या प्रत्येक हर्षदाच्या पोटात एक पुंजभौतिकी दडलेली आहे.

डीटीपीवाले_आजोबा
पोरांना कशाला बोल लावता? आपण मराठी माणसांनी वर्षानुवर्षं हेच केलं. युनिकोड रुळायच्या आधीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असायचे. आमच्या मशीनवर झकास लग्नपत्रिका, आणि तीच फाइल दुसरीकडे उघडली की नुसता कंस-टिंबांचा चिवडा. हौस नव्हती, पोट होतं, पण दिसायला एक आणि आत भलतंच, हा प्रकार तोच.

आणि खडूफळाबाई, तुमचं ‘मन:पूर्वक’ जरा तपासा. तो विसर्ग नाही, इंग्रजी कोलन आहे. खरा विसर्ग घालून कोणी ‘मनःपूर्वक’ शोधलं तर तुमचा शब्द हाती लागेल याची खात्री नाही. आधी आपल्या परातीत खरकटं आहे का बघावं.

खडूफळा
आजोबा, सपशेल मान्य! कळफलकावर विसर्ग सापडत नाही म्हणून बोट कोलनवर जातं. पण माझा कोलन काकांना अडवत नाही हो. फोन तिथे जरासा अडखळतो, शब्द मात्र कळतो.

कानाने_वाचतो
+१ खडूफळा, पण थोडा वेगळा. मी स्वतः स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. लांबलचक नावं वाचणारा रीडर परवडला, निदान काहीतरी आहे हे तरी कळतं. काही रीडर आणि त्यांना जोडलेले काही आवाज मिळून ही अक्षरं चक्क गाळतात. मग ‘पूजा’ ऐकू येते, ‘सायंकाळी सात’ येत नाही, आणि काही गाळलंय याचा मला पत्ताही नसतो.

हेडशॉट_भाऊ
मग दोष सॉफ्टवेअरचा ना? वळणदार ए म्हणजे ए, एवढं त्याला शिकवा.

कानाने_वाचतो
शिकवलंय. युनिकोडमध्येच तसा नियम आहे, आणि एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने २०२४ मध्ये सेटिंगमध्ये तो पर्याय दिला. पण तो चालू केला की दोन्ही एच सारखेच ऐकू येतात. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या अंध पोरीने काय करायचं? तिच्यासाठी ही अक्षरं गरजेची आहेत, आणि दर वेळी सेटिंग तिने बदलायचं कारण तुम्हाला पूजेच्या मेसेजात नक्षी हवी.

डीटीपीवाले_आजोबा
हे मात्र बिनतोड. चित्र करून टाकतात ते तरी कुठे बरं म्हणा, त्यात तर फोनला बऱ्याचदा वाचायलाच काही नसतं.

हेडशॉट_भाऊ
आत्ता टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, लावून माझंच नाव ऐकलं. कमानींवर काय बोलला देव जाणे, पण ‘विकी’ कुठेच आलं नाही. गेममधलं नाव नाही बदलणार, सांगून ठेवतो. दादाच्या साखरपुड्याचा मेसेज काल मीच नटवून पाठवलाय, तो पुन्हा पाठवतो. आजीचा भाऊ फोन कानाला लावूनच ऐकतो, आणि वेळ सकाळी साडेदहाची आहे.