सेन्सर लाईट उगाच लागतोय, माणूस आला की मात्र लागत नाही

मागचं_दार:
मागच्या दाराबाहेर मोशन सेन्सरवाला एलईडी फ्लडलाईट लावून आठवडा झाला. आईला रात्री कधीकधी बाहेर यावं लागतं, तिला अंधारात बटण चाचपडावं लागू नये आणि कोणी कंपाउंडच्या आत आलं तर कळावं, एवढ्यासाठीच लावला. पण होतंय काय की कोणी नसताना लागतो, मग पंधरावीस मिनिटांनी परत लागतो, आणि फाटकातून सरळ दाराकडे चालत आलो तर अगदी जवळ येईपर्यंत ढिम्म. सेन्सर लाईटलाच जोडून आलाय, लांबचं दिसेल म्हणून ४ मीटर उंच लावला. सेन्सिटिव्हिटी कमी केली की उगाच लागणं थोडं थांबतं पण मग माणूसपण दिसत नाही. मायक्रोवेव्ह सेन्सरवाला (लहरी सोडून हालचाल ओळखणारा) घेऊ का बदलून?

उजेडवाट:
थांबा, लगेच बदलू नका. तुमचा सेन्सर पीआयआर जातीचा असणार, तो अंगाची उष्णता बघतो. समोरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या भिंगामुळे त्याच्या नजरेचे पंख्यासारखे पट्टे पडतात आणि गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की तो लाईट लावतो. आडवं चाललं की पट्टे भराभर ओलांडले जातात, सरळ त्याच्या अंगावर चालून आलं की माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो, म्हणून तुमचं फाटकापासूनचं चालणं त्याला कळत नाही. त्यात ४ मीटर फार उंच झालं, २ ते २.५ मीटर ठेवा, आणि बाजूच्या भिंतीवर असा लावा की वाट त्याच्या समोरून आडवी जाईल. उगाच लागण्याचं कारण वेगळं असेल, समोर काय काय आहे? हलणारी फांदी, नुकती आणून लावलेली गाडी, एसीचं आउटडोअर युनिट?

मागचं_दार:
एसीचं युनिट आहे! डाव्या हाताला, लाईटच्या खालीच. आत्ता बाहेर उभा राहून बघितलं, कॉम्प्रेसर सुरू झाला की थोड्या वेळात लाईट लागतो. एवढे दिवस मी नॉब फिरवत बसलो होतो.

तारजोड:
मी वायरिंगचंच काम करतो म्हणून सांगतो, जागा बदलणारच आहात तर सेन्सर आणि लाईट वेगवेगळे घ्या, लाईट वर राहू दे, सेन्सर खाली आणा. सेन्सरला तीन वायरी असतात, फेज, न्यूट्रल आणि तिसरी लाईटकडे जाणारी. कुठली कुठली ते डब्यावरच्या आकृतीत बघा, रंगावर जाऊ नका. जुन्या बोर्डात कधीकधी बटण न्यूट्रलवर असतं, मग बटण बंद करूनही फिटिंगमध्ये करंट असतो, म्हणून आधी एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि टेस्टर लावून खात्री करा, खात्री नसेल तर वायरमन बोलवा. केबल नेहमी खालून आत घ्या आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथलं आवळायचं बूच) घट्ट करा, वरून घेतली की पावसाचं पाणी तारेवरून थेट आत उतरतं. मी उघडलेल्या खराब सेन्सरपैकी बऱ्याचशांत पाणीच होतं.

रातपाळी:
मायक्रोवेव्हबद्दल सांगते. तो काचेतून आणि पातळ भिंतीतूनही बघतो, त्यामुळे घरात कोणी हललं तरी बाहेर लाईट लागू शकतो, आमच्याकडे अगदी हेच झालं आणि शेवटी काढून टाकला. पीआयआरच ठेवा. फक्त कडक उन्हाळ्यात, बाहेरची हवा अंगाच्या तापमानाजवळ म्हणजे ३७ अंशांच्या आसपास गेली की त्याची पकड कमी होते हे लक्षात असू द्या. आणि लाईटचं तोंड खाली करा हो, समोर सरळ मारलेला उजेड शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो आणि आईच्याही डोळ्यांवर येईल, पायरी दिसायच्या ऐवजी डोळे दिपतील.

उजेडवाट:
हे बरोबर. अजून एक, टेस्ट करताना लक्सचा नॉब (किती अंधार पडल्यावर लागायचं ते ठरवणारा) सूर्याच्या चिन्हावर आणि टाइम (लाईट किती वेळ चालू राहायचा ते) सगळ्यात कमीवर ठेवा म्हणजे दिवसाही चालून बघता येतं. करंट दिल्यावर पहिलं मिनिटभर तो स्वतःच लागलेला राहतो, त्याला बिघाड समजू नका. एसीची बाजू झाकायला भिंगाच्या तेवढ्या भागावर आतून काळी इलेक्ट्रिक टेप लावा. अधूनमधून भिंग पुसत जा, कोळी नेमका तिथेच जाळं करतो.

मागचं_दार:
वायरमनला बोलावून सेन्सर बाजूच्या भिंतीवर २.२ मीटरवर घेतला, एसीकडची बाजू टेपने झाकली. दोन रात्री झाल्या, एकदाही उगाच लागला नाही, आणि फाटक उघडून तीनचार पावलं टाकली की लागतो. टाइम मात्र आता २ मिनिटांवर ठेवलाय, आधीच्या ३० सेकंदांत आई पायऱ्या उतरेपर्यंत लाईट जायचा.