मे महिन्यातली कोल्ड ब्रू : कडू होतेय आणि तिसऱ्या दिवशी आंबते

मुठाकाठी
मी वडगाव बुद्रुकला राहते. सकाळी साडेसहाची बस असते, गॅसपाशी उभं राहायला वेळ नसतो, म्हणून कोल्ड ब्रू, म्हणजे रात्री गार पाण्यात भिजत घालायची कॉफी, सुरू केली. घरात फिल्टर कॉफीची पावडर होती, 70:30 ची. आठ मोठे चमचे, लिटरभर पाणी, काचेची बरणी, रात्रभर ओट्यावर. सकाळी चहाच्या गाळणीने गाळली तर तळाशी बोटभर गाळ आणि चव काढ्यासारखी. पंच्यातून पिळून काढली तर आणखीच कडू. उरलेली फ्रिजमध्ये ठेवली, तिला तिसऱ्या दिवशी आंबूस वास. दोनदा झालं असं. एवढी कॉफी मोरीत ओतताना जीव तुटतो. कुठे चुकतंय?

शनिवारपेठी
पावडरच वेगळी हवी. 70:30 म्हणजे सत्तर भाग कॉफी आणि तीस भाग चिकोरी, कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड. गरम दुधाच्या कॉफीला ती हवीच, रंग आणि दाटपणा तिचाच. पण ती पाण्यात फार लवकर उतरते. रात्रभर ठेवली की कॉफी मागे राहते आणि चिकोरीच पुढे येते. शिवाय फिल्टरचं दळण बारीक, म्हणून गाळ. बिनचिकोरीची अरेबिका जातीची कॉफी घ्या, चिकमगळूरची सहज मिळते. दुकानदाराला ‘फ्रेंच प्रेससाठी’ म्हणा, तो जाडसर दळून देईल. लापशी रव्याएवढं जाड हवं.

100 ग्रॅमला 800 मिली पाणी. कॉफी स्वतःच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, त्यामुळे हाताशी येतं जेमतेम 600 मिली. तेवढंच यायला हवं, घाबरू नका. पिताना त्यात तितकंच पाणी किंवा दूध घाला.

आणि मे महिन्यात ओट्यावर ठेवू नका हो! पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, स्वयंपाकघर रात्रीही तापलेलं असतं. पहिल्यापासून फ्रिजमध्येच, 16 ते 18 तास. गारव्यात सावकाश उतरते, म्हणून वेळ जास्त. बरणी आधी उकळत्या पाण्याने धुवा. लोणच्याची असेल तर झाकणाचं रबर हुंगून बघा, वास तिथेच दडलेला असतो.

पिळणं मात्र कायमचं बंद. पंच्याला साबणाचा वास असतो, त्यापेक्षा कोरं मलमल उकळून घ्या. चाळणीवर दुहेरी पसरा, कॉफी ओता आणि हात लावू नका. आधी धार लागते, मग थेंब, मग दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं. तिथे उचलायचं. शेवटचे ते चार चमचे सोडून द्या, सगळा गढूळपणा त्यातच असतो.

वाघोलीवाली
पाणीही बघा. आमच्याकडे टँकरचं जड, क्षारांचं पाणी, कॉफी अगदी सपक व्हायची. माहेरून, कोथरूडहून, खडकवासला धरणाचं पाणी बाटलीत आणलं आणि तीच पावडर बोलायला लागली.

शनिवारपेठी
अगदी बरोबर. जड पाणी कॉफीतला आंबटगोडपणा मारून टाकतं.

मुठाकाठी
बाबांना पित्ताचा त्रास आहे. ही चालेल का? आणि जायफळ कधी घालू?

शनिवारपेठी
चवीला सौम्य लागते, पण कॅफिन असतंच. त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. जायफळ भिजवताना नको, दूध घातल्यावर वरून दोनदा किसणीवर फिरवा.

मुठाकाठी
आठवड्याने सांगतेय. लापशी रव्याएवढं दळण, फ्रिजमध्ये सतरा तास, मलमल. 610 मिली आली, मोजली! आज चौथा दिवस, वास स्वच्छ आहे. जुन्या 70:30 ची संध्याकाळी दूध उकळून जायफळाची कॉफी करते, ती संपत आली.