मंदीत बिलं थकली, हप्ता कसा सांभाळायचा?

प्रश्न: फॅब्रिकेशनची लेबर कामं घेतो. दोन बिलं अडकलीत, नवीन काम नाही. वेल्डिंग मशीनचा हप्ता चालूच. आधी काय करू?

उत्तर १: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) कामाआधीची आहे ना? मग लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पार्टीला पैसे द्यावेच लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापा, पोच सही घ्या. सहीविना वाद हरू शकतो.

उत्तर २: हप्ता चुकायच्या आधीच बँकेत जा. आणि जीएसटी नंबर असेल तर शून्य रिटर्न (एकही बिल न निघालेल्या काळाचं) विसरू नका, उशिराचे रोज २० रुपये चढतात. पार्टीने बिलातून कापलेला १ टक्का टीडीएस (आगाऊ कापलेला आयकर) २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या तुमच्या नावच्या कर-विवरणात, दिसतोय का बघा, परतावा निघू शकतो.

उत्तर ३: पुढचं काम घेताना पत्रा, अँगल पार्टीलाच आणायला सांगा, म्हणजे तुमचा पैसा मालात अडकणार नाही.