मदत हवी आहे: जड क्रूझर विकून हलकी रेट्रो गाडी घ्यायची आहे

मुलुंड_ते_परळ
सध्या रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० आहे, म्हणजे लांब, बुटकी, पाय पुढे ठेवून चालवायची क्रूझर. रोज मुलुंड ते लोअर परळ आणि परत, सायन-दादरमधून. आठवड्यातून दोनदा बायको डबलसीट असते. उंची ५ फूट ५ इंच. सोसायटीतलं पार्किंग उतारावर आहे, सकाळी गाडी मागे ओढून काढावी लागते. रॉयल एनफिल्डची हंटर ३५०, होंडाची सीबी३५० आरएस आणि टीव्हीएसची रोनिन बघतोय, ट्रायम्फची स्पीड ४००ही आवडली आहे. वजनातला फरक ट्रॅफिकमध्ये खरंच जाणवतो का? सीट उंच झाल्यावर पाय टेकतील का? क्रूझरची सवय असलेल्याने कुठे सांभाळायचं?

हाफक्लच
जाणवतो, आणि सगळ्यात आधी त्या उतारावरच जाणवेल. सुपर मीटिऑर २४१ किलो, हंटर १८१. मधले ६० किलो म्हणजे घरातले दोन भरलेले गॅस सिलिंडर. आरएस १७९, रोनिन १६०च्या आसपास.

पण नुसते किलो बघून ठरवू नका. तुमच्या गाडीचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १५०० मिमी आहे, हंटरचा १३७०. दोन्ही गाड्यांचं पुढचं चाकही वेगळं: तुमचं १९ इंची, हंटरचं १७. त्यामुळे हंटर रिक्षा आणि बसच्या मधून सहज वळते, पण हँडलला जरा जास्तच चटकन प्रतिसाद देते. क्रूझरला वळवायला जो जोर लावता तोच इथे लावलात तर गाडी अपेक्षेपेक्षा जास्त आत जाईल. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा. पाय पुढे असल्यामुळे क्रूझरवर टाकी धरायची सवयच लागत नाही.

६५०ची ताकद मुंबईत वापरणार तरी कुठे? ईस्टर्न फ्रीवे, सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीला बंदी. तुमच्या रस्त्यावर ताशी ० ते ४० किमीमध्ये गाडी कशी वागते तेवढंच बघा.

चेन_स्प्रॉकेट
पाय टेकण्याबद्दल: तुमची सीट ७४० मिमी उंच, हंटर ७९०, आरएस ८००, रोनिन ७९५. आकडा ५० ते ६० मिमीने वाढतो खरा, पण क्रूझरची सीट रुंद असते आणि मांड्या फाकतात. पुढे निमुळत्या सीटवर पाय सरळ खाली जातो. रोजचे बूट घालून बसून बघा, एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा टेकला तरी पुरे.

खरा धोका ब्रेकचा आहे. लांब, बुटक्या गाडीवर मागचा ब्रेक बरंच काम करतो, म्हणून उजव्या पायाला तो दाबायची सवय लागते. आखूड गाडीवर ब्रेक लावताच वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि पहिल्या पावसात पेव्हर ब्लॉकवर ते घसरतं. पुढचा ब्रेक दोन बोटांनी हळूहळू दाबत नेणं, मागचा फक्त आधाराला, हे रिकाम्या रस्त्यावर ३० ते ०, पंधरा-वीस वेळा करा. स्वस्त व्हेरियंटमध्ये एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला असेल तर तो घेऊ नका. पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

दुसरं म्हणजे सिग्नलवरून निघताना पाय सवयीने पुढे जाईल आणि हवेत राहील. ब्रेक पेडल खाली, मागे असेल. डिलिव्हरी घेतानाच पेडल आणि गिअर लिव्हरची उंची तुमच्या बुटाप्रमाणे लावून घ्या.

मुलुंड_ते_परळ
कंबरेचं काय? खड्ड्यात सगळा दणका माकडहाडाला बसतो.

हाफक्लच
क्रूझरवर पाय पुढे असल्याने वजन पायांवर घेता येत नाही, म्हणून तसं होतं. इथे पेग (पाय ठेवायचे दांडे) साधारण तुमच्या खाली येतात, खड्डा दिसला की सीटवरून दोन इंच उठा, दणका गुडघे घेतील. हंटर घ्यायची तर एप्रिल २०२५ नंतरचीच. तिला मागे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग (जितकी दबेल तितकी कडक होणारी) आणि दाबायला हलका स्लिप-असिस्ट क्लच आहे, ग्राउंड क्लिअरन्स १६० मिमी. आधीची मागून कडक होती. सायनच्या कोंडीत डाव्या मनगटाला हलक्या क्लचचा फार फरक पडतो. प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा ताण, सहा पायऱ्यांचा आहे, एकटे असाल तेव्हा खालच्या पायरीवर ठेवा, बायको बसली की दोन पायऱ्या वर.

टेस्ट राइड शोरूमभोवती एक फेरी मारून संपवू नका. बायकोला बसवा, इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रल नीट लागतो का बघा, एका रस्त्याच्या रुंदीत यू-टर्न घ्या, आणि उतारावर बंद गाडी मागे ओढून बघा.

एनओसी_झाली_का
स्पीड ४०० चांगली आहे, पण ३९८ सीसी. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्यांना ४०. तुमच्या वापराला ती ताकद लागणार नाही.

जुनी गाडी देताना नाव बदलायला फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. घेणारा दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर फॉर्म २८. आरसी त्याच्या नावावर झालेली स्वतः ऑनलाइन तपासा, तोवर चलान आणि अपघाताचं लफडं तुमच्याच गळ्यात. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या आणि नव्या पॉलिसीला लावा, शोरूमवाले आपणहून सांगतीलच असं नाही.

मुलुंड_ते_परळ
रविवारी बायकोला घेऊन हंटर आणि रोनिन दोन्ही चालवून बघतो. उतारावर ओढूनही.

चेन_स्प्रॉकेट
रोनिनवर मागच्या सीटची रुंदी आणि धरायच्या दांड्याची जागा बायकोलाच विचारा. दादरपर्यंत बसायचं त्यांना आहे.