पळताना आणि जिममध्ये ऐकायला छोटा म्युझिक प्लेअर कोणता घ्यावा?

धरमपेठी_धावक

नमस्कार मंडळी. फोन घरी ठेवून पळता यावं म्हणून छोटा म्युझिक प्लेअर शोधून राहिलो आहे. सकाळी साडेपाचला नागपुरात अंबाझरी तलाव ते फुटाळा तलाव आणि परत, शिवाय आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी जिम. कॉम्प्युटरवर ९ जीबी एमपी३ आहेत, बहुतेक जुनी मराठी-हिंदी गाणी. एका स्ट्रीमिंग अ‍ॅपची वर्गणीही भरतो. त्यातली डाउनलोड केलेली गाणी प्लेअरमध्ये टाकता आली तर सोन्याहून पिवळं. बजेट पाच हजार. घाम भरपूर येतो.

वायरचा घ्यावा की ब्लूटूथचा? बर्डीच्या बाजारात ‘६४ जीबी’ लिहिलेले बिननावाचे प्लेअर अगदी स्वस्तात दिसतात, ते चालतील का? आणि जुना आयपॉड शफल कोणी विकत असेल तर घ्यावा का?

बर्डीचा_सोल्डर

भाऊ, स्ट्रीमिंगचं आधी निकालात काढा. वर्गणीच्या अ‍ॅपमधलं डाउनलोड म्हणजे कुलूपबंद फाइल. ती फक्त त्याच अ‍ॅपमध्ये उघडते. साध्या प्लेअरवर कॉपी केली तरी वाजणार नाही. तेच हवं असेल तर स्मार्ट घड्याळाकडे वळावं लागेल. गार्मिनच्या ज्या मॉडेलच्या नावात ‘म्युझिक’ आहे, उदाहरणार्थ फोररनर २५५ म्युझिक, त्यात स्पॉटिफायची गाणी उतरवता येतात, पण प्रीमियम खातं लागतं. नुसतं ‘फोररनर २५५’ दिसायला तसंच असतं आणि त्यात गाणी साठत नाहीत, म्हणून खोक्यावरचं नाव नीट वाचा. अर्थात पाच हजारात यातलं काहीच बसत नाही. मनगटावरचे स्वस्त बँड फोनमधलं गाणं थांबवतात, पुढे ढकलतात, एवढंच. फोन घरी म्हणजे गाणंही घरी.

तुमच्याकडे ९ जीबी एमपी३ तयार आहेत, तर सरळ क्लिपवाला प्लेअर घ्या. सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेत दोन गोष्टी पाहायच्या. क्लिप जॅममध्ये आतली जागा ८ जीबी, म्हणजे तुमची गाणी मावणार नाहीत, पण मायक्रोएसडी कार्ड बसतं. ब्लूटूथ नाही. क्लिप स्पोर्ट प्लसमध्ये १६ जीबी, ब्लूटूथ आणि आयपीएक्स५ (पाणी सोसण्याचं रेटिंग), पण कार्डाची खाच नाही. तुमच्या घामाचं वर्णन वाचता मी प्लसच सांगेन. ही मॉडेलं जुनी आहेत, त्यामुळे दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला नग गळ्यात पडू शकतो. पडून राहिलेली लिथियम बॅटरी इतकी उतरते की पुन्हा चार्जच घेत नाही. पेटी दुकानातच उघडा, केबल लावा. पंधरा मिनिटांत चार्जिंगचं चिन्ह आलं नाही तर तिथंच परत करा.

बिननावाचे ६४ जीबी: त्यातला कंट्रोलर, म्हणजे साठवण सांभाळणारी चिप, कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतो. आत खरी चिप ४ किंवा ८ जीबीची. ती भरली की नवीन गाणी जुन्यांवरच लिहिली जातात. यादीत नावं सगळी दिसतात, पण गाणं लावलं की शांतता किंवा खरखर. घेतलाच असेल तर गाणी टाकण्याआधी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण क्षमतेची लिहा-वाचा चाचणी करा. सेकंदाला ५ एमबी वेग धरला तर ६४ जीबी नुसते लिहायलाच साडेतीन तास लागतात, म्हणून रात्रभर लावून ठेवा.

याच प्लेअरांची दुसरी गंमत म्हणजे टाइप-सी खाच असूनही ते नव्या सी-ते-सी केबलने चार्ज होत नाहीत. आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, पाच पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. रेझिस्टर दिसला नाही की चार्जर वीज सोडतच नाही. लोक प्लेअर मेला म्हणून फेकून देतात. चार्जरकडच्या टोकाला जुनं चौकोनी यूएसबी तोंड असलेली केबल लावली की तोच प्लेअर चालू होतो.

शफल: बटणं आजही त्याच्यासारखी कोणी केली नाहीत, अंधारात अंगठ्याने बिनचूक सापडतात. पण २०१७ च्या जुलैमध्ये तो बंद झाला, म्हणजे आता मिळेल त्याची बॅटरी म्हातारीच असणार, आणि ती आत सोल्डर केलेली असते. चौथ्या पिढीच्या शफलमध्ये २ जीबी जागा. चार्जिंग हेडफोनच्याच भोकातून, खास केबलने. ती केबल सोबत नसेल तर हातही लावू नका. गाणी आयट्यून्ससारख्या अ‍ॅपलच्या प्रोग्रॅममधूनच चढवावी लागतात, नुसती कॉपी केलेली फाइल वाजत नाही. तुमच्या कामाचा नाही.

लयीत_चालणारी

वायर की ब्लूटूथ, यावर थोडं.

जिममध्ये चांगलं चालणारं ब्लूटूथ फुटाळ्याच्या काठावर अडखळतं, तेव्हा लोक इअरबडला शिव्या देतात. कारण वेगळं आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि आपलं शरीर, म्हणजे मुख्यतः पाणी, ते शोषून घेतं. बंद खोलीत लहरी भिंतींवर आपटून दुसऱ्या वाटेने कानापर्यंत पोचतात. मोकळ्यावर ती वाट नसते. म्हणून प्लेअर उजव्या खिशात आणि मुख्य बड डाव्या कानात, अशी आडवी जोडी नको. मुख्य बड कोणता ते माहितीपत्रकात असतं. प्लेअर त्याच बाजूच्या बाहीला, खांद्याजवळ लावा.

वायरमध्ये ही कटकट नाही आणि बॅटरीही जास्त टिकते. एफएम ऐकायचं असेल तर वायर लागतेच, कारण हेडफोनची तारच अँटेना असते. ब्लूटूथ बडवर सकाळची विविध भारती १००.६ लागणार नाही, यात प्लेअरचा दोष नाही.

पण घाम वायरवरून ओघळत थेट जॅकच्या भोकात जातो. उपाय सोपा: प्लेअर लावाल तिथे वायरचा छोटा झोल त्याच्या खाली लोंबू द्या आणि मग ती वर जॅकमध्ये घाला. थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो. वायर टी-शर्टच्या आतून, पाठीकडून घ्या, म्हणजे हाताला अडकत नाही. कमरेच्या इलॅस्टिकला प्लेअर लावू नका, सगळ्या अंगाचा घाम तिथंच जमा होतो. कॉलरची मागची बाजू किंवा बाही बरी.

आयपीएक्स५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा सोसतो. छान आहे, पण ती चाचणी साध्या पाण्याची असते, खारट घामाची नाही, आणि मधला ‘एक्स’ सांगतो की धुळीसाठी रेटिंगच दिलेलं नाही. व्यायाम झाला की जरा ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या. चार्जिंगची खाच ओली असताना केबल कधीच लावायची नाही. घामाच्या मिठात वीज वाहिली की पिना हिरव्या पडतात.

रस्त्यावर दोन्ही कान बंद नकोत, दादा. समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या कडेने पळत असाल तर वाहनं तुमच्या डावीकडे असतात. मग बड उजव्या कानात, डावा मोकळा.

बर्डीचा_सोल्डर

ताईंच्या मुद्द्याला जोडून. दुरुस्तीला येणाऱ्या प्लेअरांची एक ठरलेली तक्रार असते: ‘गाणं वाजतं पण गाणाऱ्याचा आवाज गायब, लांबून नुसती वाद्यं ऐकू येतात.’ प्लेअर बिघडलेला नसतो. घामाने जॅकच्या आतली अर्थची, म्हणजे दोन्ही कानांच्या सामाईक तारेची, पट्टी गंजते आणि संपर्क तुटतो. मग कानांत डाव्या-उजव्या वाहिनीतला फरक तेवढा उरतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असतो, तो एकमेकांत वजा होऊन जातो.

आधी दुसरा हेडफोन लावून पाहा. तरी तसंच असेल तर प्लेअर बंद करा, दातांच्या फटींसाठी मिळतो तो बारीक ब्रश ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून झटका आणि भोकात हलके फिरवा. मग पिन दहा वेळा आत-बाहेर करा आणि अर्धा तास वाळू द्या. बहुतेक वेळा इतक्यात आवाज परत येतो. डब्ल्यूडी-४० मारू नका, तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

धरमपेठी_धावक

फारच उपयोगी, दोघांचेही आभार. क्लिप स्पोर्ट प्लस आणि वायरचे इअरफोन, असं ठरतंय. आता गाण्यांचं विचारतो. मित्राच्या प्लेअरवर गाणी भलत्याच क्रमाने वाजतात, मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात, आणि जुनं गाणं हळू तर पुढचं नवं एकदम कानठळ्या बसवणारं. हे टाळता येईल का?

एमपी३काका

तिन्ही टाळता येतात, फक्त कॉपी करण्याआधी एक संध्याकाळ द्यावी लागेल.

क्रमाचं असं आहे की प्लेअर दोन जातीचे. सॅनडिस्कसारखे फाइलच्या आतले टॅग, म्हणजे गाण्याचं नाव, गायक, क्रमांक अशी माहिती, वाचून यादी बनवतात. त्यांना फाइलच्या नावापुढे ०१, ०२ लिहून भागत नाही, टॅगमधला ट्रॅक क्रमांक भरावा लागतो. स्वस्तातले टॅगकडे बघतच नाहीत. फाइल ज्या क्रमाने कार्डावर लिहिली गेली त्याच क्रमाने वाजवतात. त्यांच्यासाठी आधी कार्ड फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नावानुसार लावून सगळ्या फाइली निवडा आणि ओढताना माउसने पहिलीच फाइल धरा. विंडोज धरलेल्या फाइलपासून कॉपी सुरू करतं. मधली धरली की क्रम मधूनच सुरू होतो. मित्राचं बहुधा तेच झालंय. कार्ड लावणारा प्लेअर असेल तर ३२ जीबीपर्यंतचं घ्या, ती फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्येच येतात. ६४ जीबी आणि त्यापुढची एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि स्वस्त प्लेअर ती ओळखत नाहीत.

मॅकवरून कॉपी करत असाल तर प्रत्येक गाण्यासोबत टिंबाने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल जाते. काही प्लेअर तीही वाजवायला बघतात आणि दोन गाण्यांच्या मध्ये अडकतात. ‘डॉट क्लीन’ (dot_clean) नावाची आज्ञा मॅकमध्येच आहे, कॉपीनंतर ती चालवा.

चौकोनांचं कारण टॅगची जुनी आवृत्ती. आयडी३, म्हणजे एमपी३ टॅग लिहिण्याची पद्धत, तिच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी बसतच नाही. ‘एमपी३टॅग’ या प्रोग्रॅममध्ये सगळी गाणी निवडून २.३, यूटीएफ-१६ या रूपात टॅग पुन्हा जतन करा आणि पहिल्या आवृत्तीचे काढून टाका. एवढं करूनही चौकोन राहिले तर प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नाही. काही प्लेअर अक्षरं दाखवतात पण जोडाक्षरं मोडतात आणि वेलांटी भलतीकडे टाकतात. मग नावं रोमन लिपीत करणं हाच मार्ग. पळताना कोण वाचतंय म्हणा.

आवाजासाठी ‘एमपी३गेन’ हा प्रोग्रॅम. तो गाणं पुन्हा एन्कोड करत नाही, फाइलमधला पातळीचा आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायरीने बदलतो, त्यामुळे दर्जा उतरत नाही आणि बदल मागेही घेता येतो. मूळ लक्ष्य ८९ डेसिबल असतं, तेच ठेवा. जुन्या रेकॉर्डिंगना वर ओढायला ९५-९७ कराल तर आवाज फाटेल.

आवाज सारखा झाला की सतत बटण दाबावं लागत नाही, त्याचा कानालाही फायदा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८६ वर १० तासच उरतात. जिमचे स्पीकर ढणढणत असतात, त्यांच्यावर मात करायला आवाज वाढवू नका; इअरफोनला फोमच्या टोप्या लावा, बाहेरचंच कमी ऐकू येईल. रस्त्यावर त्याच टोप्या काढून ठेवायच्या.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. हाच प्लेअर इंटरव्हलचं, म्हणजे आलटून पालटून जोरात-हळू पळण्याचं, घड्याळ होतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एकच लांब फाइल बनवा: ५ मिनिटं सावकाश, मग १ मिनिट जोरात आणि २ मिनिटं हळू अशी ८ आवर्तनं, शेवटी ५ मिनिटं सावकाश. एकूण ३४ मिनिटं. प्रत्येक बदलाच्या ३ सेकंद आधी एक बीप टाका. १२८ केबीपीएस बिटरेटला (दर सेकंदाच्या आवाजाला लागणारी माहिती) मिनिटाला साधारण १ एमबी, म्हणजे ३३ एमबीत काम होतं. बिटरेट स्थिर ठेवा. बदलत्या बिटरेटच्या लांब फाइलमध्ये साधे प्लेअर वेळ चुकीची दाखवतात आणि पुढे ढकललं की भलतीकडे उतरतात. फाइल मोनो करून घ्या, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज येतो आणि एका कानाने ऐकताना अर्धा वाद्यवृंद गायब होत नाही.

पाण्यातला_पाय

याच धाग्यात विचारतो: पोहायला ब्लूटूथ बड आणि वॉटरप्रूफ पिशवीतला प्लेअर चालेल का?

लयीत_चालणारी

नाही. वर सांगितलंय तेच, पाणी २.४ गिगाहर्ट्झ गिळतं. काही सेंटिमीटर पाण्यातच संपर्क तुटतो. गाणी कानावरच्या यंत्रातच साठवलेली हवीत. शॉक्झचा ओपनस्विम ४ जीबीचा, हाडातून आवाज देणारा. सोनीचा एनडब्ल्यू-डब्ल्यूएस४१३ सुद्धा ४ जीबी, पण कानात घालायचा. दोन्ही २ मीटर खोलीपर्यंत. ओपनस्विमसोबत कानात बोळे घातले की पाण्यात आवाज जास्त स्पष्ट येतो. क्लोरीनच्या पाण्यातून बाहेर आल्यावर साध्या पाण्याने धुवायचे.

धरमपेठी_धावक

शेवटचं एक. जिम ऑफिसवरून परस्पर गाठतो, प्लेअर दिवसभर गाडीच्या डिक्कीत राहील. मे महिन्यात चालेल?

बर्डीचा_सोल्डर

काहून डिक्कीत? बाहेर ४५ असताना उन्हातल्या बंद डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त होतं आणि बॅटरी फुगते. फुगली की स्क्रीनच्या कडेला फट दिसते. मग चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही. डब्याच्या पिशवीत घालून वर ऑफिसात न्या. गरम झालेला प्लेअर लगेच चार्जलाही लावू नका, हाताला थंड लागेपर्यंत थांबा. महिना-दोन महिने वापरणार नसाल तर निम्मा चार्ज करून घरातल्या कपाटात ठेवा.