मदत हवी आहे: अमेरिकेचा विस्तार आणि गुलामगिरीचा वाद, आठवीतल्या मुलीला कसं समजावू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक आठवीत आहे. यंदा तिला अमेरिकेचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास आहे आणि निबंध लिहायचाय, विषय 'देशाचा विस्तार आणि समाजातले बदल'. सनावळ्या तिला तोंडपाठ आहेत. १८०३ लुईझियानाची खरेदी, १८४५ टेक्सास, १८४६ ऑरेगन, १८४८ मध्ये मेक्सिकोकडून घेतलेला कॅलिफोर्नियासकट सगळा मुलूख. गुलामगिरीवर वेगळा धडा आहे. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते पुस्तकात दोन ओळींत उरकलंय.

तिचा प्रश्न असा: "उत्तरेतले बहुतेक गोरे लोक काळ्यांना बरोबरीचं मानत नव्हतेच. मग लांब कॅन्ससमध्ये कुणी गुलाम ठेवले काय नि न ठेवले काय, यांचं काय जात होतं? त्यावरून माणसं मारेपर्यंत का गेलं?"

मी गप्प. आमच्या शाळेत अमेरिकेचा इतिहास म्हणजे बोस्टनचा चहा आणि लिंकन. 'गुलामगिरी वाईट होती म्हणून युद्ध झालं' एवढं उत्तर तिला पुरत नाही. कुणी नीट सांगेल का?

गणोबा

वाचतोय. आमचे चिरंजीव पुढच्या वर्षी आठवीत. उत्तरं मिळाली की धागा वर काढत राहा.

कोकणकडा

रानजाई, मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. उत्तर सिनेटमध्ये आहे आणि शेतात आहे. आधी सिनेट.

सिनेट म्हणजे अमेरिकन संसदेचं वरचं सभागृह. राज्य लहान असो की मोठं, तिथल्या जागा दोनच. १८१९ मध्ये गुलामगिरीवाली राज्यं ११ आणि बिनगुलामगिरीची ११, म्हणजे बरोबरी. खालच्या सभागृहात जागा लोकसंख्येवर ठरत. तिथे गुलामांना मत नसलं तरी दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरून दक्षिणेने आपल्या जागा फुगवून घेतल्या होत्याच, पण उत्तरेची वस्ती इतक्या वेगाने वाढत होती की तेवढ्याने भागेना. दक्षिणेचा भरवसा उरला तो सिनेटवर. त्यात मिसूरी म्हणालं, आम्हाला गुलामगिरीसकट राज्य व्हायचंय. म्हणून १८२० ची तडजोड झाली. मिसूरी गुलामगिरीसह, मेन हे दुसरं नवं राज्य तिच्याविना, आणि लुईझियाना खरेदीच्या बाकी मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या वर गुलामगिरी नाही. तेव्हापासून नवी जमीन आली की पहिला हिशेब हा, इथून येणारे दोन सिनेटर कुणाचे? १८५० मध्ये कॅलिफोर्निया गुलामगिरीविना आत आलं आणि १५-१५ चं १६-१५ झालं. दक्षिणेला ते किती झोंबलं असेल बघा. बदल्यात त्यांनी पळालेले गुलाम उत्तरेतून धरून आणायचा कडक कायदा करून घेतला.

आता शेत. व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र १७९३ चं. त्यानंतर कापसाला सुमार राहिला नाही. पण कापूस जमीन ओढतो. जुनी जमीन थकली की मळेवाला पश्चिमेला सरकायचा, अलाबामा, मिसिसिपी, पुढे टेक्सास. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती, देशातल्या देशात विकायला नव्हती. व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या मालकांनी माणसं विकायचाच धंदा मांडला. गृहयुद्धापर्यंत सुमारे १० लाख माणसं अशी खालच्या दक्षिणेत नेली गेली, आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको तोडून. न्यू ऑर्लीन्सला त्यांचा मोठा बाजार होता. १७९० मध्ये देशात सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ४० लाखांच्या आसपास.

म्हणजे नवी जमीन मिळत राहिली तरच गुलामाला गिऱ्हाईक आणि भाव. मळेवाल्याची निम्मीअधिक पुंजी माणसांतच अडकलेली, तो पुढची जमीन बंद होऊ देईल कशाला? टेक्सासचंही तेच. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद करायचं फर्मान काढलं, आणि टेक्सासात जाऊन बसलेले अमेरिकन गुलाम घेऊनच गेले होते. १८३६ च्या टेक्सासच्या बंडाला बाकी कारणं होती, पण हे होतंच.

राहिला उत्तरेतला गोरा. मुलगी म्हणते ते खरं आहे, बहुतेकांना काळ्यांचा कळवळा नव्हता. त्याला स्वतःला पश्चिमेत शेत हवं होतं. मळेवाला गुलाम घेऊन आला की चांगली जमीन तो बळकावणार आणि मजुरीचा दर मातीमोल होणार, ही धास्ती. 'फ्री सॉइल'वाल्यांच्या, म्हणजे नव्या मुलखात गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांच्या, राजकारणात या धास्तीचा वाटा फार मोठा. ऑरेगनचं उदाहरण निबंधात जरूर घाला. तिथल्या मतदारांनी १८५७ मध्ये एकाच मतदानात गुलामगिरी नाकारली आणि काळ्या माणसांना ऑरेगनमध्ये यायलाही बंदी केली. इंडियानाच्या १८५१ च्या घटनेतही अशीच बंदी होती.

जाता जाता, तुमच्या न्यू जर्सीने गुलामगिरी हळूहळू संपवायचा कायदा १८०४ मध्ये केला. तो इतका हळू चालला की १८६० च्या जनगणनेतही तिथे १८ गुलामांची नोंद आहे. 'उत्तर चांगली, दक्षिण वाईट' असं लिहिण्याआधी हे लक्षात असू द्या.

रानजाई

कोकणकडा, खूप आभार. लेकीला वाचून दाखवलं. ऑरेगनचं ऐकून तिचा विश्वासच बसेना, आधी स्वतः तपासून आली. आता तिचा पुढचा प्रश्न. कॅन्सस तर त्या ३६ अंश ३० मिनिटांच्या वर आहे. मग तिथे वाद व्हायचं कारणच काय?

टिपूर

कारण १८५४ मध्ये ती रेघ पुसली.

इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांना पॅसिफिककडे जाणारी रेल्वे शिकागोवरून न्यायची होती. त्यासाठी मधल्या मुलखात रीतसर सरकार हवं, आणि त्याला दक्षिणेची मतं हवीत. दक्षिणेने किंमत मागितली. कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८२० ची बंदी रद्द झाली आणि गुलामगिरीचं काय ते तिथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवावं असं ठरलं.

ऐकायला लोकशाही, प्रत्यक्षात दोन्हीकडून माणसं भरायची शर्यत. मार्च १८५५ ची निवडणूक मुलीला सांगा. नोंदलेले मतदार ३ हजारांच्याही आत, मतं पडली ६ हजारांच्या वर. मिसूरीतून टोळ्या सीमा ओलांडून आल्या, मत टाकून परत गेल्या. आपल्याकडच्या वाचकाला यात वेगळं समजवायला नको! पुढच्या वर्षी मे महिन्यात गुलामगिरीवाल्यांनी विरोधकांचं लॉरेन्स गाव लुटलं, कट्टर गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउनच्या माणसांनी पॉटावाटोमी ओढ्याकाठी पाच जणांना मारलं, आणि त्याच आठवड्यात प्रेस्टन ब्रुक्स या दक्षिणेतल्या खासदाराने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना भर सिनेटच्या दालनात काठीने बडवलं. समनर कॅन्ससवरच बोलले होते.

रिपब्लिकन पक्ष जन्मला तो याच १८५४ च्या संतापातून. तीन वर्षांनी ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नव्या मुलखांत गुलामगिरीला बंदी घालायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नाहीच. मग तडजोडीला जागा राहिली कुठे? १८६० ला लिंकन निवडून आले ते 'नव्या मुलखात गुलामगिरी नको' यावर. दक्षिणेतली काढून टाकू असं त्यांच्या पक्षाने म्हटलंच नव्हतं, तरी दक्षिण फुटून निघाली. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला यात दिसतं.

जुना_वाडा

सगळं छान चाललंय, पण जमीन जणू रिकामी पडली होती अशा थाटात. कॅन्सस कुणाचं होतं?

रानजाई, तुम्ही राहता ती न्यू जर्सी लेनापे लोकांची. इंग्रजांनी त्यांना डेलावेअर हे नाव दिलं. ते ढकलले गेले पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, मिसूरी असे. १८२९ च्या तहाने त्यांना कॅन्ससमध्ये जागा मिळाली, ती कायमची असं सांगून. पूर्वेकडच्या आणखीही जमाती तिथे आणून बसवल्या होत्या. १८५४ मध्ये कॅन्सस गोऱ्या वस्तीला खुलं करायचं ठरलं तेव्हा त्याच वर्षी नवे तह करून त्यातली बहुतेक जमीन काढून घेतली. १८६० च्या दशकात त्यांना उरलेल्या जमिनीवरूनही हलवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. गुलामगिरीवाले आणि विरोधक ज्या जमिनीवरून भांडत होते ती ही.

अलाबामा-जॉर्जियाचंही तसंच. अध्यक्ष जॅक्सन यांच्या १८३० च्या कायद्याने तिथल्या जमातींना मिसिसिपीपलीकडे घालवलं. १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार चेरोकी लोकांना सैन्याने काढलं, वाटेत आणि छावण्यांत मिळून ४ हजारांच्या आसपास मेले असा अंदाज सांगतात. मोकळ्या झालेल्या जमिनीत कापूस आला. आणि हो, काही सधन चेरोकी स्वतःही गुलाम बाळगून होते, त्यांना बरोबर घेऊन गेले. इतिहास सोयीचा नसतो.

कोकणकडा

जुना_वाडा, मान्य. फक्त आठवीच्या निबंधात किती कोंबायचं हाही प्रश्न आहे.

जुना_वाडा

कोंबू नका, तिथूनच सुरुवात करा. न्यू जर्सी ते कॅन्सस हा लेनापेंचा रस्ता म्हणजे विस्ताराचा आयता नकाशा आहे.

गणोबा

थोडं विषयांतर. हा कापूस आपल्या दारातही आला होता. गृहयुद्धात अमेरिकेचा कापूस अडला, तो ब्रिटनला लागणाऱ्या कापसाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास. मग मुंबईत भाव गगनाला भिडले, कंपन्यांचं पीक आलं, आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळं आपटलं. महात्मा फुल्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. मुलीला हे वर्गात सांगता येईल.

रानजाई

सगळ्यांचे आभार. लेनापेंपासून सुरुवात करायचं तिने ठरवलंय, कच्चा आराखडाही झाला. फुल्यांचं वर्गात सांगणार आहे म्हणते. एक अडचण राहिली. बाईंनी सांगितलंय की युद्धानंतरचा निदान एक सामाजिक बदल यायलाच हवा, आणि ८०० शब्दांच्या पुढे जायचं नाही. रेल्वेचे चिनी मजूर घ्यावेत की दुसरं काही?

टिपूर

चिनी मजूर, १८६९ ची रेल्वे आणि १८८२ चा चिनी लोकांना बंदी करणारा कायदा हा स्वतंत्र निबंधाचा ऐवज आहे. ८०० शब्दांत कॅन्सस सोडू नका.

होमस्टेड कायदा घ्या. १६० एकर सरकारी जमीन, पाच वर्षं राहा, कसा, जुजबी फी भरा, तुमची. दक्षिणेचे खासदार असेपर्यंत हे तडीस गेलं नाही. १८६० मध्ये विधेयक मंजूर झालं तर अध्यक्ष ब्युकॅनन यांनी नकाराधिकार वापरला. दक्षिण बाहेर पडली आणि मे १८६२ मध्ये कायदा झाला, पाठोपाठ जुलैत पॅसिफिक रेल्वेचा. एकट्या बायकांनाही या कायद्याने स्वतःच्या नावावर जमीन मागता येत होती, हेही एक वाक्य टाका.

आणि मग १८७९. दक्षिणेतला जाच सोसवेना म्हणून मुक्त झालेली हजारो काळी माणसं मिसिसिपी, लुईझियाना, टेनेसीतून कॅन्ससला निघाली. त्यांना 'एक्सोडस्टर' म्हणतात. त्याआधीच, १८७७ मध्ये, केंटकीहून आलेल्या काळ्या कुटुंबांनी तिथे निकोडेमस हे गाव वसवलं होतं. हा शेवटचा परिच्छेद करा, फार तर १५० शब्द. लेनापे, १८२०, १८५४-५६ आणि हे, एवढे चार भाग बसतात. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाला एकेक वाक्य पुरे.